मोजलं, पण पाहिलं का?

गुम्मिडिपूंडी हे नाव तोंडात बसायला मला आठवडा लागला. चेन्नईहून उत्तरेला, गुडूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं हे गाव. चेन्नईच्या बऱ्याचशा लोकल इथे येऊन थांबतात आणि तोंड फिरवून परत जातात. एका बाजूला सिपकॉटची औद्योगिक वसाहत, पुढे काही मैलांवर आंध्रची हद्द, पूर्वेला पुलिकतचं खारं सरोवर. मी इथे का आहे याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. आणि जे असेल ते लिहायचं नसतं. संध्याकाळी मात्र तास-दीड तास हाताशी असतो. तेव्हा स्टेशनच्या फलाटावर किंवा पुलिकतच्या काठावर कॅमेरा घेऊन जातो.

गेल्या काही महिन्यांत तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला. तिघेही निवृत्त, तिघांच्याही कपाटात जुन्या लेन्स. एकाला वडिलांची लाइका सापडली आहे, दुसऱ्याकडे ऐंशीच्या दशकातल्या निकॉनच्या लेन्स आहेत, तिसऱ्याने जुन्या बाजारातून पिशवीभर रशियन लेन्स उचलल्या आहेत. प्रश्न असा: "सर, या हाताने फोकस करायच्या लेन्स. यांना आता डिजिटल बॉडी घ्यायची आहे. रेंजफाइंडर घेऊ, की इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरवाली मिररलेस?" फोनवर मी तिघांना तीन उत्तरं दिली. आता नीट लिहितो. जरा इतिहासातून जावं लागेल, कारण हा प्रश्न कॅमेऱ्याच्या आधी तोफांचा होता. आणि शेवटी एक कबुलीही द्यायची आहे.

ज्यांना या दोन प्रकारांतला फरक माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहत नाही. बॉडीच्या कपाळावर एकमेकींपासून काही सेंटिमीटर अंतरावर दोन खिडक्या असतात. डोळा लावला की मधल्या उजळ चौकोनात एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सची रिंग फिरवली की त्या एकमेकींकडे सरकतात. दोन्ही तंतोतंत एकावर एक बसल्या की अंतर जुळलं. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये डोळ्यासमोर एक चिमुकला पडदा असतो, आणि लेन्समधून सेन्सरवर जी प्रतिमा पडते तीच त्यावर दिसते. पहिला अंतर मोजून देतो. दुसरा परिणाम दाखवतो.

मी तोफखान्यातला माणूस. देवळालीला शिकलेल्या कोणालाही हा फरक ओळखीचा वाटेल. नकाशावरचं अंतर, वारा, हवेचं तापमान, दारूगोळ्याची अवस्था यांचा हिशेब करून थेट मारा करायचा, ते प्रेडिक्टेड फायर. ओपीमधल्या अधिकाऱ्याने गोळा कुठे पडला ते पाहायचं, 'ॲड', 'ड्रॉप', 'लेफ्ट', 'राइट' करत गोळे लक्ष्यावर आणायचे आणि मग सगळ्या तोफांना 'फायर फॉर इफेक्ट' द्यायचा, ते ऑब्झर्व्ह्ड फायर. पहिल्यात शत्रूला सावध व्हायला वेळ मिळत नाही. दुसऱ्यात चूक झाकली जात नाही. पुढची सगळी गोष्ट या दोन पद्धतींची आहे.

सुरुवात इथूनच, चेन्नईच्या किनाऱ्यापासून करू. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री जर्मन क्रूझर एम्डन मद्रासच्या किनाऱ्यापासून तीनेक किलोमीटरवर येऊन उभी राहिली. कॅप्टन कार्ल फॉन म्युलरने सर्चलाइट पेटवले, बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्यांवर प्रकाश टाकला आणि तोफा सुरू केल्या. सव्वाशेच्या आसपास गोळे टाकून, टाक्या पेटवून जहाज अंधारात निघून गेलं. हायकोर्टाच्या भिंतीपाशी त्याची आठवण सांगणारी पाटी आहे, आणि तमिळमध्ये चलाख, खमक्या माणसाला अजूनही 'एम्डन' म्हणतात. इतक्या जवळून, दिव्याच्या उजेडात, न हलणाऱ्या टाक्यांवर मारा करायला फार मोजमाप लागत नाही. पाहिलं आणि मारलं.

पण तेच जहाज ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांपाशी ऑस्ट्रेलियन क्रूझर सिडनीच्या समोर आलं तेव्हा अंतर नऊ-दहा किलोमीटर होतं, आणि दोन्ही जहाजं धावत होती. तिथे मोजल्याशिवाय काही होणार नव्हतं. एम्डनच्या अगदी सुरुवातीच्या गोळ्यांपैकी एक थेट सिडनीच्या पुढच्या रेंजफाइंडरवर बसला आणि तो चालवणारा माणूस जागीच गेला. सिडनीचा नेम बसायला वेळ लागला. पण तिच्या तोफा जास्त मोठ्या आणि लांब पल्ल्याच्या होत्या, आणि शेवटी एम्डनच जळत नॉर्थ कीलिंग बेटाच्या खडकांवर चढली. या लढाईतली मला लक्षात राहणारी गोष्ट ही की मोजण्याचं यंत्र पहिल्या काही मिनिटांत गेलं, तरी पाहून दुरुस्ती करत जहाज लढत राहिलं.

हे यंत्र तेव्हा फार जुनं नव्हतं. १८८८ साली ब्रिटिश युद्धखात्याने पायदळासाठी रेंजफाइंडर हवा अशी जाहिरात दिली. लीड्सच्या यॉर्कशायर कॉलेजातल्या आर्किबाल्ड बार आणि विल्यम स्ट्राउड या दोन प्राध्यापकांनी ती वाचून एक नमुना तयार केला. लष्कराच्या चाचणीत तो नापास झाला. नौदलाने मात्र १८९२ मध्ये त्यांचं यंत्र स्वीकारलं आणि पुढे बार अँड स्ट्राउड हे नाव जगभरच्या युद्धनौकांवर पोहोचलं. तत्त्व आपण शाळेत शिकलेल्या त्रिकोणाचं. पायाची लांबी माहीत, दोन टोकांचे कोन माहीत, म्हणजे उंची काढता येते. पाया जितका लांब तितकं माप अचूक. म्हणून १९०६ च्या ड्रेडनॉटवर नऊ फुटी रेंजफाइंडर होते, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी यामातोवर तब्बल १५ मीटरचे.

आता हाच त्रिकोण खिशात मावेल एवढा करा. जर्मनीतल्या वेट्झलार गावी लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाकने सिनेमाची ३५ मिमी फिल्म वापरणारा छोटा कॅमेरा बनवला, आणि १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत तो लाइका म्हणून लोकांसमोर आला. त्याला रेंजफाइंडर नव्हता. अंतर अंदाजाने लावायचं, नाहीतर वर वेगळं यंत्र खोचून मोजायचं आणि तो आकडा लेन्सवर लावायचा. १९३२ मध्ये लाइका २ आणि झाइस इकॉनचा कॉन्टॅक्स आले आणि रेंजफाइंडर लेन्सला जोडला गेला. लेन्स फिरवली की तिच्या मागचा कॅम पुढेमागे होतो, तो बॉडीतल्या दट्ट्याला ढकलतो, दट्ट्या आतला आरसा वा प्रिझम हलवतो. १९५४ च्या लाइका एम ३ ने पाहण्याची आणि मोजण्याची खिडकी एक केली. आजचे डिजिटल रेंजफाइंडर आतून बहुतांशी त्याच घडणीचे आहेत.

एम ३ चा पाया सुमारे ६९ मिमी. व्ह्यूफाइंडर प्रतिमा ०.९१ पट दाखवतो, म्हणून कामाला येणारा पाया ६२-६३ मिमी. पुढच्या बऱ्याच मॉडेलांत हे वर्धन ०.७२ च्या आसपास आलं, म्हणजे पाया ५० मिमीवर. यामातोच्या १५ मीटरपुढे हे काहीच नाही, पण कॅमेऱ्याला दहा किलोमीटरवरचं जहाज मोजायचं नसतं. २८ मिमीपासून ५० मिमीपर्यंतच्या लेन्सला हा पाया भरपूर होतो, ९० ला सांभाळून घेतो आणि १३५ ला पूर्ण उघड्या छिद्रावर घाम फोडतो.

या मोजणीचा मोठा फायदा असा की ती आधी करून ठेवता येते. ५० मिमीची लेन्स एफ/८ वर ठेवा, तीन मीटरवर फोकस लावा. सुमारे २.३ ते ४.२ मीटरमधलं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. मग डोळ्याला कॅमेरा लावायचं काम फक्त चौकट बघण्यापुरतं. शिवाय व्ह्यूफाइंडरमध्ये चौकटीच्या बाहेरचंही दिसत असतं, म्हणजे कोण आत येतोय ते आधी कळतं. आन्री कार्तिए-ब्रेसाँ लाइका आणि बहुतेक वेळा ५० मिमी लेन्स घेऊन भारतात फिरला. इथून फार लांब नाही, तिरुवण्णामलैला, एप्रिल १९५० मध्ये रमण महर्षींच्या अखेरच्या दिवसांत तो आश्रमात होता. फार गाजावाजा न करता माणसांच्या मध्ये उभं राहून काम करायला हा कॅमेरा सोयीचा होता. शटरचा आवाज हलका, आणि फोटो घेण्याच्या क्षणीही समोरचं दृश्य डोळ्यासमोरून जात नाही.

गुम्मिडिपूंडीच्या फलाटावर मला याचा रोज प्रत्यय येतो. कंपनीची शिफ्ट सुटते, लोकल लागते, आणि तीन मिनिटांत सगळा फलाट वाहू लागतो. तिथे पडद्यावर डोळ्यांचा भाग मोठा करून फोकस तपासायला कोणाला वेळ आहे?

पण मोजणारं यंत्र किती नखरे करतं हे पाहायचं तर कॅमेरा थोडा वेळ बाजूला ठेवून नगरला यावं लागेल, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. तिथल्या रणगाडा संग्रहालयात पॅटन उभा आहे. त्याच्या टरेटच्या दोन्ही बाजूंना कानासारखे फुगवटे आहेत. ती रेंजफाइंडरची दोन टोकं. १९६५ मध्ये पाकिस्तानकडे एम ४७ आणि एम ४८ असे दोन्ही पॅटन होते, आणि या घराण्याच्या सुरुवातीच्या नमुन्यांतला रेंजफाइंडर स्टिरिओस्कोपिक होता. म्हणजे कॅमेऱ्यासारख्या दोन प्रतिमा जुळवायच्या नाहीत. दोन्ही डोळ्यांनी पाहायचं आणि हवेत तरंगणारी एक खूण लक्ष्याच्या अंतरावर आहे असं वाटेपर्यंत सरकवायची. यंत्र उत्तम. पण त्याला दोन्ही डोळे सारखे चांगले असलेला, नीट तालीम घेतलेला आणि डोकं थंड असलेला माणूस लागतो. सगळ्यांना ती खूण तरंगताना दिसत नाही. थकलेल्या, घाबरलेल्या माणसाला तर नाहीच. आमच्या सेंच्युरियनच्या गनरकडे त्या वेळी असं काही नव्हतं. तो अंतराचा अंदाज करायचा, गोळा टाकायचा, पाहायचा आणि दुरुस्त करायचा.

असल उत्तरला पॅटन रेंजफाइंडरमुळे हरले असं मी म्हणणार नाही. तिथे पाणी सोडून चिखल केलेली शेतं होती, उभा ऊस होता, आणि दबा धरून बसलेले आमचे रणगाडे आणि जवान होते. पण एक गोष्ट बघण्यासारखी आहे. १० सप्टेंबर १९६५ ला ४ ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद ज्या शस्त्रासह लढले आणि धारातीर्थी पडले, ती जीपवरची १०६ मिमी रिकॉइललेस गन. या गनवर वरच्या बाजूला एक ०.५० इंची स्पॉटिंग रायफल बसवलेली असते. आधी तिची गोळी मारायची. ती लक्ष्यावर लागली की चमक आणि धूर दिसतो. मग मुख्य गोळा सोडायचा. अंतर किती हे मोजायची गरजच नाही. गोळी जिथे लागली तिथेच गोळा जाईल. हेच तत्त्व इथून जवळच्या आवडीला बनलेल्या विजयंत रणगाड्यात होतं. त्याच्या तोफेशेजारची १२.७ मिमी मशीनगन अंतर शोधण्यासाठी होती. पुढे लेझर आला आणि एका बटनात अंतर मिळू लागलं. पण लेझर येण्याआधीची दोन-तीन दशकं 'मोजा' आणि 'मारून बघा' हे दोन्ही पंथ शेजारीशेजारी नांदले.

इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर ही कॅमेऱ्याची स्पॉटिंग रायफल आहे.

ती यायला वेळ लागला. १९५९ च्या निकॉन एफपासून आरशावाल्या एसएलआर कॅमेऱ्यांनी बाजार काबीज केला आणि रेंजफाइंडर थोड्या हौशी लोकांपुरता उरला. डिजिटलच्या काळात एप्सनचा आर-डी १ (२००४) आणि लाइका एम ८ (२००६) यांनी त्याला पुन्हा जिवंत केलं. पण २००८ मध्ये पॅनासोनिकचा जी १ आला. त्यात आरसाच नव्हता. सेन्सरवरची प्रतिमा थेट डोळ्यासमोरच्या पडद्यावर. २०१३ मध्ये सोनीने ए ७ मध्ये पूर्ण ३५ मिमी आकाराचा सेन्सर दिला आणि जगभरच्या कपाटांतल्या जुन्या लेन्स बाहेर निघाल्या. २०२५ मध्ये तर खुद्द लाइकानेच एम माउंटवर रेंजफाइंडर काढून इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर बसवलेला एम ईव्ही १ आणला.

जुन्या लेन्स या कॅमेऱ्यांवर का बसतात, हेही साध्या मोजमापाचं काम आहे. लेन्सच्या माउंटपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर निकॉन एफमध्ये ४६.५ मिमी, लाइका एममध्ये २७.८ मिमी, सोनी ई माउंटमध्ये १८ मिमी. उरलेल्या जागेत नुसती पोकळ कडी, म्हणजे अडॅप्टर बसवला की झालं. रेंजफाइंडरचं तसं नाही. त्याला लेन्सच्या मागे बरोबर मापाचा कॅम हवा. निकॉनच्या एसएलआर लेन्सला तो नसतोच.

आता कबुली.

माझे काका नौदलात होते. मूळचे गुहागरकडचे. १९७० च्या सुमारास नौदलाच्या तुकडीबरोबर ते व्लादिवोस्तोकला गेले आणि येताना झोर्की-४ घेऊन आले. हा सोव्हिएत रेंजफाइंडर, त्यावर ५० मिमी एफ/२ लेन्स. घरातली लग्नं, मुंजी, गणपती, मी एनडीएत गेलो तो दिवस, सगळं त्या लेन्समधून गेलं. खडकवासल्याला पासिंग आउट परेडच्या दिवशी मला उन्हात उभं करून त्यांनी तीन वेळा अंतर जुळवलं, मग पुढे येऊन लेन्सवरचा आकडा वाचला, मागे जाऊन पावलांनी अंतर मोजलं आणि मगच बटन दाबलं. मी वैतागलो होतो. ते म्हणाले, "मोजलंस म्हणजे झालं नाय. मोजलेलं बरोबर हाय काय ता पण बघूचा लागता."

झोर्कीचं शटर पुढे मेलं. लेन्स त्यांनी मला दिली. दोन वर्षांपूर्वी रजेवर जाताना एका कोर्समेटचा डिजिटल रेंजफाइंडर मागून घेतला, अडॅप्टरने काकांची लेन्स चढवली आणि ओटीवर बसलेल्या काकांचे फोटो काढले. अंतर एक मीटर, छिद्र पूर्ण उघडं एफ/२, कारण मला मागची नारळाची झाडं विरघळलेली हवी होती. प्रत्येक वेळी त्यांच्या डाव्या डोळ्याच्या पापणीवर दोन प्रतिमा काळजीपूर्वक एक केल्या. एकतीस फोटो. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर सगळे सुंदर दिसत होते. मोठे करून पाहण्याचं माझ्या मनातही आलं नाही. रेंजफाइंडरने जुळलं म्हणून सांगितलं होतं ना.

युनिटला परतल्यावर लॅपटॉपवर उघडले. कानशिलावरचे पांढरे केस एकेक मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. डोळे धूसर. एकतीसच्या एकतीस वेळा तेच.

कारण समजायला अवघड नाही. ५० मिमी लिहिलेल्या लेन्सची खरी फोकल लेंग्थ नेमकी ५० नसते. लाइकाचं रेंजफाइंडरचं गणित ५१.६ मिमी धरून बसवलेलं आहे. समजा एखाद्या लेन्सची खरी फोकल लेंग्थ ५२.४ मिमी आहे. दूरच्या वस्तूंना फरक पडत नाही. पण एक मीटरवर फोकस करायला ५१.६ च्या लेन्सला जेवढं पुढे सरकावं लागतं त्यापेक्षा ५२.४ च्या लेन्सला सुमारे ०.०९ मिमी जास्त सरकावं लागतं. बॉडी ५१.६ च्या हिशेबाने 'जुळलं' म्हणते, लेन्स ०.०९ मिमी मागेच राहते, आणि फोकस डोळ्याच्या मागे साधारण तीन सेंटिमीटरवर जातो. एफ/२ ला तेवढं पुरतं. बॉडी तिच्या जागी बरोबर होती, लेन्सही तिच्या जागी बरोबर होती. दोघींची एकमेकींशी ओळख नव्हती, आणि ती करून देणं माझं काम होतं. वीस वर्षांहून जास्त तोफखान्यात काढलेल्या माणसाने एकही गोळा टाकून न पाहता फायर फॉर इफेक्ट दिला होता.

पुढच्या रजेत पुन्हा काढू असं ठरवलं. पुढच्या रजेच्या आधी काका गेले.

म्हणून आता, ज्यांनी विचारलं त्यांना माझं उत्तर.

पहिला प्रश्न स्वतःला हा विचारा की कपाटात कोणत्या लेन्स आहेत. एसएलआरच्या, म्हणजे निकॉन, पेंटॅक्स, झेनिटच्या असतील तर विषय संपला. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर घ्या. वेगवेगळ्या घराण्यांच्या, वेगवेगळ्या देशांच्या रेंजफाइंडर लेन्स असतील तरीही तेच. प्रत्येक लेन्स सेन्सरवर जे उमटवते तेच दिसणार, मग तिचा कॅम झिजलेला असो की मापात वेगळा असो. वडिलांची लाइका सापडली आहे त्यांची गोष्ट निराळी. त्या लेन्स त्याच घराण्यातल्या आहेत. रेंजफाइंडर बॉडी परवडत असेल तर ती घ्यायला हरकत नाही. मात्र नव्या बॉडीची किंमत ऐकून घरी सांगण्याआधी पाणी प्या.

दुसरा प्रश्न, फोटो कशाचे काढता. रस्ता, बाजार, लग्नघर, पलटणीचा बडा खाना अशा ठिकाणी २८ ते ५० मिमीच्या लेन्सने रेंजफाइंडर फार जलद चालतो. एक मीटरच्या आतलं काम, फुलं, नातवंडांचे चेहरे, ९० च्या पुढच्या लांब लेन्स यांना इलेक्ट्रॉनिक. बहुतेक रेंजफाइंडर ०.७ मीटरच्या अलीकडे मोजतच नाहीत. उलट, रेंजफाइंडरसाठी बनलेल्या काही जुन्या वाइड लेन्सचा मागचा भाग सेन्सरच्या फार जवळ येतो. दुसऱ्या कंपनीच्या मिररलेसवर त्या कडांना धूसर होतात, कोपऱ्यांत रंग बदलतात. तिथे रेंजफाइंडर बॉडीच बरी.

तिसरा प्रश्न डोळ्यांचा, आणि तो आपल्या वयाचा आहे. चाळिशी लागली म्हणून रेंजफाइंडर गेला असं समजू नका. धूसर आणि स्पष्ट यांतला बारीक फरक ओळखणं वयाबरोबर अवघड होतं, पण दोन रेषा एकमेकींशी जुळल्या की नाहीत हे ओळखण्यात माणसाचा डोळा फार तरबेज असतो. बार आणि स्ट्राउड यांचं यंत्र त्यावरच चालायचं. फक्त जुळवायला उभी रेषा लागते. फलाटाच्या जाळीसारखे एकसारखे गज समोर असतील तर एक गज शेजारच्या गजावर जुळतो आणि फसवतो. इलेक्ट्रॉनिकमध्ये नंबर फिरवायचं बटन असतं, प्रतिमा दहापट मोठी करता येते, आणि फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी पीकिंगची सोय असते. तिच्यावर आंधळा विश्वास नको. ती कडा कुठे तीव्र आहेत ते दाखवते, तुम्हाला हवा तो डोळा फोकसमध्ये आहे की नाही ते नाही. मोठी करून बघा. लेन्स शक्यतो ज्या छिद्रावर फोटो काढायचा त्याच छिद्रावर ठेवून बघा, कारण काही जुन्या लेन्सचा फोकस छिद्र लहान केलं की सरकतो. बॅटरी संपली की पडदा काळा होतो, तेव्हा एक जास्तीची खिशात ठेवा.

आणि कोणताही घेतलात तरी पहिल्या दिवशी रजिस्ट्रेशन करा. टेबलावर मोजपट्टी तिरकी ठेवा, कॅमेरा स्टँडवर, अंतर एक मीटर, छिद्र पूर्ण उघडं. मधल्या आकड्यावर फोकस लावा, फोटो काढा, मोठा करून पाहा. कोणता आकडा स्पष्ट आला तो वहीत लिहा. मग दोन आणि चार मीटरवर तेच. प्रत्येक लेन्सला वीस मिनिटं लागतात.

मी स्वतः काय घेतलं? काकांच्या लेन्ससाठी एक जुनी, वापरलेली मिररलेस बॉडी घेतली. या रविवारी ती घेऊन पुलिकतला गेलो होतो. फ्लेमिंगो ५० मिमीतून म्हणजे गुलाबी ठिपके, त्यांच्या वाटेला गेलो नाही. होडी किनाऱ्याला ओढून बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने खुणेने फोटो काढ म्हटलं. एक मीटरवर बसलो, डोळा मोठा करून पाहिला, काढला, पुन्हा मोठा करून पाहिला. त्यालाही दाखवला. त्याने माझ्याच बटनाने तो आणखी मोठा केला आणि स्वतःच्या डोळ्यांकडे बराच वेळ बघत बसला.

रजेतल्या त्या एकतीस फोटोंखेरीज एक बत्तिसावा आहे. निघताना अंगणातून घाईत काढलेला. चार मीटर अंतर, छिद्र एफ/५.६. तेवढ्या अंतरावर ती चूक नगण्य होते आणि उरलीसुरली छिद्रात झाकली जाते. ओटी, खांब, वाळत घातलेला टॉवेल, आणि मधोमध काका. चेहरा नखाएवढा आहे, पण डोळे स्पष्ट आहेत. तोच फ्रेम करून घरी लावला आहे.